नोंद कोणी पुसायची? : अटकेच्या कागदाची शंभर वर्षे

१९२० साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात एक लहानसा कायदा केला. कैद्यांची ओळख पटविण्यासंबंधीचा. कलमे मोजकीच. अटक झालेल्या आणि शिक्षा झालेल्या माणसांच्या बोटांचे व पावलांचे ठसे, शरीराची मापे आणि छायाचित्रे घेण्याचा अधिकार पोलिसांना या कायद्याने दिला. त्यातले सातवे कलम मात्र वेगळ्या सुराचे आहे. ज्याला पूर्वी एखाद्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही असा माणूस खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, तर त्याचे घेतलेले सगळे ठसे, मापे आणि छायाचित्रे, अगदी निगेटिव्हसुद्धा, एक तर नष्ट करावीत किंवा त्या माणसाच्या हवाली करावीत, असे ते कलम सांगते. न्यायालयाला किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याला ती राखून ठेवावीशी वाटली, तर त्याची कारणे लेखी नोंदवायची.

फौजदारी वकिलीत माझी तीस वर्षे गेली. अटक होऊन पुढे सुटलेली माणसे मी शेकड्यांनी पाहिली. आपले ठसे आणि फोटो हातात घेऊन पोलीस ठाण्याची पायरी उतरलेला एकही माणूस मला दिसला नाही. असे कलम अस्तित्वात आहे हे माझ्या बहुतेक पक्षकारांना ठाऊक नव्हते, आणि ते सांगितल्यावर त्यांना खरे वाटत नसे. या लेखात मी एकाच प्रश्नाचा माग काढणार आहे. अटकेची नोंद लिहायची कोणी, हे आपल्या कायद्याने नेहमी स्पष्ट सांगितले. ती पुसायची कोणी, याचे उत्तर शंभर वर्षांत कसकसे बदलत गेले?

ठसा आणि कपाट

बोटांच्या ठशांची कथा बंगालपासून सुरू होते. १८५८ साली हुगळीकाठच्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा पुरवठा करणाऱ्या राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर सहीबरोबर तळहाताचा ठसाही घेतला. पुढे करार नाकारू नये, एवढाच हेतू. या ठशाचा गुन्हेगारीशी संबंध नव्हता.

गुन्ह्याशी तो जोडला गेला चाळीस वर्षांनी. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवली आणि १८९७ साली कलकत्त्यात जगातले पहिले अंगुलीमुद्रा केंद्र उभे राहिले. दहा बोटांवरचे शंख-चक्र पाहून ठशांचा कागद १०२४ गटांपैकी नेमक्या एका गटात टाकता येऊ लागला. म्हणजे हजारो कागदांतून हवा तो कागद काही मिनिटांत काढता येऊ लागला. माझ्या मते खरा शोध हा होता. ठसा पूर्वीही होता. आता त्याला कपाट मिळाले. नाव बदलले, गाव बदलले, वीस वर्षे मध्ये गेली, तरी कागद माणसाला ओळखणार होता.

पोलीस आणि तुरुंग ठसे घेत होते खरे, पण त्यामागे कायद्याचे पाठबळ नव्हते. काही कैद्यांनी ठसे द्यायला नकार दिल्यावर सरकारला ही उणीव जाणवली आणि १९२० चा कायदा आला. नकार देणे हा आता गुन्हा ठरला, ठसे घेताना बळ वापरण्याची मुभा मिळाली. सातव्या कलमाकडे मी या पार्श्वभूमीवर पाहतो. सरकारने माणसाच्या देहावर एक अधिकार घेतला आणि त्याबदल्यात एक वचन दिले: निर्दोष ठरलास तर तुझे तुला परत. वचन पाळायची जबाबदारी सरकारची होती. माणसाने अर्ज करावा, खेटे घालावेत, असे त्या कलमात कुठेही म्हटलेले नाही.

वचनाला दोन भोके मात्र पहिल्यापासून होती. ते ठसे आणि छायाचित्रांपुरतेच होते. ठाण्यातल्या रजिस्टरातले नाव, हिस्ट्रीशीट, गावच्या पोलीस पाटलाच्या वहीतली ओळ, यांचा त्यात उल्लेख नव्हता. दुसरे म्हणजे ठसे नष्ट झाले की नाही हे पाहणार कोण, याबद्दल कायदा गप्प होता.

जन्मतः नोंदलेली माणसे

ज्यांना हे तोकडे वचनही मिळाले नाही, अशी माणसे याच देशात होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारला एखादी जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करण्याचा अधिकार दिला आणि त्या घोषणेविरुद्ध न्यायालयाचे दारही बंद केले. सुरुवातीला हा कायदा उत्तरेकडच्या प्रांतांपुरता होता. १९११ च्या सुधारणेने तो देशभर लागू करता येण्याजोगा झाला, मुंबई इलाख्यातही आला, आणि नोंदलेल्या माणसांचे बोटांचे ठसे घेण्याची तरतूदही त्यात आली. १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्र करून लिहिला गेला. सहा ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून वेगळी काढून शाळांत ठेवण्याचा अधिकार त्यात होता.

इथे अटकेची गरजच नव्हती. नोंद आधी, गुन्हा जमला तर नंतर. सोलापूरची वसाहत हे आपल्याकडचे ठळक उदाहरण. तारेच्या कुंपणाआड घरे, दिवसा गिरणीत काम, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचे तर परवानगीचा कागद. त्या भागाला सोलापुरात आजही 'सेटलमेंट' म्हणतात. इंग्रजी सरकारी शब्द बोलीत इतका रुळला की त्यामागचे कुंपण ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार समितीने हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली. मुंबई राज्याने आधीच, १९४९ मध्ये, तो काढून टाकला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. म्हणून विमुक्त समाज ३१ ऑगस्टला मुक्तिदिन पाळतो. एका दिवसात लाखो लोकांची नोंद पुसली गेली, असे म्हणावे, तर ते अर्धेच खरे आहे. जमातीच्या जागी आता सराईत गुन्हेगार आला. आपल्याकडे १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा झाला. या नव्या कायद्याला व्यक्तीचा विचार करायचा होता, वारंवार झालेल्या शिक्षांचा आधार हवा होता, आणि कागदावर हा फरक फार मोठा होता. पण ठाण्यातली माणसे तीच, कपाटे तीच, आणि गावात चोरी झाली की कुठल्या पालावर आधी जायचे ही सवयही तीच राहिली. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कायदा रद्द होऊन तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती, तरी त्या पुस्तकातले पोलिसांचे भय जुने झालेले नव्हते.

एकाच तुरुंगाचे दोन दाखले

याच काळात अटकेच्या नोंदीला अगदी उलट मोलही आले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. पात्रतेची मुख्य अट तुरुंगवासाची. सर्वसाधारणपणे किमान सहा महिन्यांचा कारावास आणि त्याचा पुरावा म्हणून तुरुंगाचा दाखला.

मग गावोगावचे म्हातारे कार्यकर्ते आपापल्या अटकेचा कागद शोधू लागले. १९३० चा सत्याग्रह, १९४२ चे आंदोलन, कुठल्या तुरुंगात किती दिवस. अनेकांना उत्तर मिळाले की जुने दप्तर ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट झाले आहे. म्हणून सरकारला पर्याय काढावा लागला: बरोबर तुरुंगात असलेल्या, ओळखीच्या स्वातंत्र्यसैनिकाचे प्रमाणपत्र चालेल. कागद नसला तर सोबतीच्या स्मरणावर भागवावे लागले.

मला हा प्रसंग आपल्या नोंदींच्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. ज्यांना आपली अटक जपून ठेवायची होती त्यांचे कागद दप्तरातून गेले, आणि ज्यांना ती विसरली जावी असे वाटत होते त्यांचे राहिले. अटक भूषण ठरेल की डाग, हे अटकेच्या कागदावर लिहिलेले नसते. तो कागद कोणासाठी, कशासाठी बाहेर काढला जातो, यावर ते ठरते. म्हणून जपायचा की पुसायचा, हा निर्णय दप्तराच्या योगायोगावर सोडता येत नाही.

खडक सिंग यांचे दार

निर्दोष सुटलेल्या माणसाची नोंद पुढे काय करते, हे सर्वोच्च न्यायालयासमोर लवकरच आले. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंग यांना १९४१ साली एका दरोड्याच्या प्रकरणात पकडले गेले. पुरावा नाही म्हणून खटला उभा न राहता ते सुटले. गोष्ट इथे संपायला हवी होती. पोलिसांनी त्यांचे हिस्ट्रीशीट उघडले. गावचा चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री घरी येत, दार ठोठावत, हाका मारत, झोपेतून उठवत. गावाबाहेर जायचे तर आधी चौकीदाराला सांगून जायचे.

१८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. रात्री घरी जाऊन चौकशी करण्याचा नियम घटनाबाह्य ठरला. बाकीची पाळत मात्र कायम राहिली. घटनेत खासगीपणाचा हक्क नाही, असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बाराव आणि शहा यांचा मतभेद होता. पाळतीचा सगळा नियमच जावा, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे एकवीस वर्षांपूर्वी पुराव्याअभावी सुटलेल्या माणसाचे दार रात्री वाजणे बंद झाले, पण त्याचे शीट फाटले नाही. बहुमताचे खासगीपणाविषयीचे म्हणणे चुकीचे होते, हे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात सांगितले. मध्ये पंचावन्न वर्षे गेली.

अर्जातला रकाना

पाळतीचा अनुभव थोड्यांना येतो. अटकेची नोंद बहुतेकांना भेटते ती नोकरीच्या कागदांत. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात एक प्रश्न असतो: तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमच्यावर खटला भरला गेला आहे का? शिक्षा झाली का, एवढाच तो प्रश्न नसतो.

आपल्याकडे बांधावरचे भांडण झाले की फिर्यादीत समोरच्या भावकीतली सगळी तरणी मुले घालायची, ही रीत वकिलाला नवी नाही. भांडणाच्या वेळी पुण्याला वसतिगृहात असलेला मुलगाही त्यात येतो. चार वर्षांनी दोन्ही बाजूंची तडजोड होते, साक्षीदार फिरतात, सगळे सुटतात. तोवर मुलगा पोलीस भरतीच्या मैदानावर धावून पहिल्या यादीत आलेला असतो आणि चारित्र्य पडताळणीत अडकतो. अशी मुले आणि त्यांचे वडील माझ्याकडे आले की एकच विचारत, ''साहेब, कोर्टानं सोडलंय ना? मग आता काय राहिलं?'' कायद्याने द्यायचे खरे उत्तर असे होते: कोर्टाने तुम्हाला सोडले, तुमच्या नावाला सोडलेले नाही. ते मला कधी धड सांगता आले नाही.

असेच एक प्रकरण दिल्लीचे. मारहाणीच्या खटल्यात तडजोड होऊन १९९८ मध्ये सुटलेल्या तरुणाने पुढच्या वर्षी दिल्ली पोलिसांत कारकुनी हेड कॉन्स्टेबलच्या जागेसाठी अर्ज केला. अटकेच्या रकान्यात त्याने 'नाही' लिहिले. निवड झाल्यावरच्या नमुन्यात मात्र स्वतःहून खरे सांगितले. उमेदवारी रद्द झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पावासाठी चोरी करून आयुष्यभर चोर ठरलेल्या, व्हिक्टर ह्युगोच्या कादंबरीतल्या नायकाची आठवण न्यायमूर्तींनी त्या निकालात काढली. निकाल उदार होता, पण अर्जापासून तो यायला बारा वर्षे लागली. पुढे २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी या विषयाचे नियम घालून दिले. त्यातला एक फार महत्त्वाचा आहे. उमेदवाराने सगळे खरे सांगितले आणि खटला संपलेला असला, तरी पूर्वचरित्राचा विचार करण्याचा हक्क नोकरी देणाऱ्याला राहतो. नेमणूक कराच, असे त्याला सांगता येत नाही. खोटे बोलाल तर जाल, आणि खरे बोलाल तर वाचालच असे नाही.

'नाही' म्हणण्याची मुभा

हा पेच फक्त आपला नाही. इंग्लंडने १९७४ मध्ये गुन्हेगारांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. ठरावीक मुदतीपर्यंतची शिक्षा भोगून माणूस काही वर्षे सरळ वागला, तर ती शिक्षा 'सरली' असे धरायचे. सुरुवातीला ही मर्यादा अडीच वर्षांच्या तुरुंगवासापर्यंत होती. सरलेल्या शिक्षेबद्दल कोणी विचारले, तर 'नाही' असे उत्तर द्यायला कायदा मुभा देतो, आणि ते खोटे धरले जात नाही. काही नोकऱ्यांना, विशेषतः मुलांशी संबंधित कामांना, अपवाद आहेत. अमेरिकेत अटकेची आणि खटल्याची नोंद मोहोरबंद करण्याची सोय राज्याराज्यांत निरनिराळी आहे. नोंद नष्ट होत नाही, पण नोकरी देणाऱ्याला किंवा घरमालकाला ती दिसत नाही. तिथे बराच काळ अडचण हीच होती की माणसाने स्वतः अर्ज करायचा, फी भरायची, वकील गाठायचा. पेन्सिल्व्हेनिया राज्याने २०१८ मध्ये कायदा करून ते काम यंत्रणेवर टाकले. ठरावीक किरकोळ गुन्हे आणि शिक्षेत न संपलेले खटले यांच्या नोंदी मुदत संपली की आपोआप बंद होतात. हे काम सुरू झाले २०१९ मध्ये.

आपल्याकडे ही समज अजिबात नव्हती असे नाही. मुलांच्या बाबतीत आपला कायदा स्पष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे चोविसावे कलम सांगते की कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाला पुढे कुठलीही अपात्रता चिकटू नये आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट कराव्यात. अतिगंभीर गुन्ह्यांतल्या मोठ्या मुलांचा तेवढा अपवाद. अठरा वर्षे पूर्ण व्हायला एक दिवस असताना हातून काही घडले, तर कायदा विसरायला तयार आहे. एक दिवस नंतर निव्वळ संशयावरून पकडले गेलेल्या आणि निर्दोष सुटलेल्या माणसासाठी त्याच्याकडे तसे कलम नाही.

वचनाचे काय झाले?

१९२० चा कायदा २०२२ मध्ये रद्द झाला आणि त्याची जागा फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमाने घेतली. बोटांच्या ठशांबरोबर आता बुबुळ आणि नेत्रपटलाची प्रतिमा, जैविक नमुने, सही आणि हस्ताक्षरही घेता येते. या नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे पंचाहत्तर वर्षे राहतात. विशीत पकडलेल्या माणसाची नोंद त्याच्या पंच्याण्णवाव्या वर्षापर्यंत.

सातव्या कलमाचा वारस नव्या कायद्यात आहे. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर नोंदी नष्ट करायच्या. जुने आणि नवे कलम मी शेजारी ठेवून वाचले, तेव्हा तीन बदल दिसले. एक, आता 'सर्व कायदेशीर उपाय संपल्यावर' ही अट आली. म्हणजे अपिलावर अपील चालू असेतो नोंद राहणार. दोन, 'त्याच्या हवाली करावीत' हे शब्द गेले. तीन, त्याच वर्षीच्या नियमांनी नोंद नष्ट करण्याची विनंती नोडल अधिकाऱ्याकडे करायची व्यवस्था लावली. जे काम शंभर वर्षांपूर्वी निदान कागदावर सरकारचे होते, ते आता सुटलेल्या माणसाने मागणी करण्याचे झाले. आणि अशी मागणी करता येते हे त्याला सांगण्याचे काम कुणाकडेच दिलेले नाही.

इतर कपाटे तर या कायद्याच्या बाहेरच आहेत. ठाण्यांना देशभर जोडणाऱ्या संगणक जाळ्यात प्रथम खबर राहते, वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर अटकेची बातमी राहते, सुटकेची बहुधा छापलीच जात नाही. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका निर्दोष ठरलेल्या माणसाचा निकाल शोधयंत्रांतून दिसू नये, असा अंतरिम आदेश दिला. त्या निकालात त्याला निर्दोषच ठरवले होते, तरी नोकरी देणारे नाव पाहूनच थांबत होते.

अलीकडे न्यायालयांनी रजिस्टरांकडे थेट पाहायला सुरुवात केली आहे, ही त्यातली आशेची बाजू. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या एका हिस्ट्रीशीटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावले की दुर्बल समाजातल्या निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे या कागदांत चढत नाहीत ना, हे पाहा. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असेही बजावले गेले. १८७१ मध्ये सुरू झालेल्या लेखनातला एक रकाना १५३ वर्षांनी पुसायला सांगितला गेला.

नोंदी ठेवूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. सराईत दरोडेखोर ओळखता आला पाहिजे; ज्याच्या घरी चोरी झाली तोही नागरिकच आहे. पण शिक्षा झालेला, खटला चालू असलेला आणि निर्दोष सुटलेला, हे तिघे एकाच कपाटात, एकाच मुदतीसाठी ठेवणे हे न्यायाचेही नाही आणि तपासाच्या सोयीचेही नाही. गरज फार मोठ्या कायद्याची नाही. निर्दोष सुटकेच्या निकालपत्रातच शेवटी आदेश असावा की अमुक दिवसांत ठसे, छायाचित्रे आणि संगणकातली नोंद बंद करून तसा अहवाल न्यायालयात दाखल करावा, आणि त्याची प्रत त्या माणसाला द्यावी. नोकरीच्या अर्जात शिक्षा आणि चालू खटला एवढेच विचारावे.

अटकेचा पंचनामा करायला पोलिसाला कुणी अर्ज करत नाही. ते त्याचे कर्तव्य असते. सुटकेनंतर कागद पुसणे हेही त्याच हाताचे कर्तव्य आहे, एवढे मान्य करायला शंभर वर्षे पुरेशी व्हायला हवी होती. १९२० च्या सरकारला जे निदान लिहून ठेवावेसे वाटले, ते पाळून दाखवणे हे आपल्या प्रजासत्ताकाला जड जाऊ नये.